वॉटसनचं हॉटेल: लोखंडी सांगाडा, गोठलेलं भाडं आणि रिकामी इमारत

मुंबईत काळा घोडा भागात, डेव्हिड ससून वाचनालय आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या शेजारात, एक पाच मजली जुनी इमारत मोडकळीला आलेली दिसते. तिचं आजचं नाव एस्प्लनेड मॅन्शन. मधल्या काळात तिला महेंद्र मॅन्शन म्हणत, आणि त्याआधी ते होतं वॉटसनचं एस्प्लनेड हॉटेल. भारतात सिनेमाचा पहिला खेळ याच वास्तूत झाला. बांधकामाच्या इतिहासाचे अभ्यासक तिला आणखी एका कारणासाठी मानतात: माणसांनी राहावं म्हणून उभारलेल्या आणि अजून टिकून असलेल्या बहुमजली लोखंडी सांगाड्याच्या इमारतींमध्ये ती जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक आहे.

अशी इमारत धोकादायक ठरून रिकामी करावी लागली, आणि तिच्याच वयाच्या आसपासच्या इमारती मात्र ठणठणीत आहेत. वाचनालयात लोक वाचताहेत, कोर्टात तारखा पडताहेत. मग हिलाच काय झालं? ‘दुर्लक्ष’ हे त्याचं नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही, पण त्यातून काही कळतही नाही. दुर्लक्ष कोणाला परवडत होतं आणि का, हे पाहायचं तर लोखंड, भाडं आणि वारसा अशा तीन गोष्टींचा गुंता सोडवावा लागतो.

सुरुवात १८६० च्या दशकातल्या मुंबईपासून करू. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला की शहर कोटाच्या तटबंदीत मावेना. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तो तट पाडायला घेतला आणि त्यापलीकडच्या मोकळ्या मैदानाच्या, म्हणजे एस्प्लनेडच्या, कडेचे भूखंड लिलावात निघाले. १८६४ साली त्यातली जागा जॉन वॉटसन या इंग्रज कापडव्यापाऱ्याने घेतली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि अर्धी मुंबई दिवाळखोरीत गेली. वॉटसन टिकला. त्याने जागा सोडली नाही आणि बांधकामासाठी एक धाडसी पद्धत निवडली.

त्या काळी मुंबईत मोठी इमारत बांधायची म्हणजे दगडाच्या किंवा विटांच्या जाडजूड भिंती उभ्या करायच्या. वरच्या मजल्यांचं सगळं वजन त्या भिंतींमधून जमिनीत उतरतं. अशा इमारतीत भिंत हाच आधार असतो. मनात आलं म्हणून एखादी भिंत पाडता येत नाही आणि खिडकी हवी तेवढी रुंद करता येत नाही. वॉटसनच्या इमारतीत वजन भिंतींवर नाही. उभे लोखंडी खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी तुळया, आणि मधल्या चौकटींत नुसत्या भरून काढलेल्या विटा. त्या विटा ऊन-पाऊस अडवतात, वरचा मजला पेलत नाहीत. आज गल्लोगल्ली दिसणारी सिमेंट-काँक्रीटची इमारत याच तत्त्वावर उभी असते, फक्त लोखंडाच्या जागी काँक्रीटचे खांब आणि बीम असतात. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिला गगनचुंबी इमारतींची आद्य म्हणतात, ती १८८५ ची. ती १९३१ मध्ये पाडली. वॉटसनचा सांगाडा तिच्या दीड दशक आधीचा आहे.

सांगाड्याचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्लिश अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या प्रचंड कमानी छताच्या कामात त्याचा हात होता आणि थेम्सवरचा अल्बर्ट पूलही त्याचाच. लोखंडी भाग इंग्लंडमध्ये डर्बीच्या फीनिक्स फाउंड्रीत तयार झाले, जहाजाने मुंबईला आले आणि १८६७ ते १८६९ च्या दरम्यान इथे जोडले गेले. विटांचं भरण व्हायच्या आधी, नुसता सांगाडा उभा असताना, तो बघ्यांना भल्यामोठ्या पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखा वाटला होता.

लोखंडाबद्दल एक बारकावा इथेच सांगतो, कारण पुढे तोच नडणार आहे. त्या काळी बांधकामात मुख्यतः दोन प्रकारचं लोखंड वापरत. एक बीड, म्हणजे साच्यात ओतलेलं. त्याच्यावर वरून कितीही भार टाका, ते दाबाला दाद देत नाही. पण ताणलं किंवा वाकवलं की ठिसूळपणे तुटतं, आणि तुटण्याआधी फारशी पूर्वसूचना देत नाही. दुसरं घडीव लोखंड. ते ताण सोसतं, आणि हार मानण्याआधी वाकून दाखवतं. त्यामुळे खांब बिडाचे आणि तुळया घडीव लोखंडाच्या, अशी वाटणी असे. इथेही तशीच आहे. पोलाद अजून इतकं स्वस्त झालेलं नव्हतं की त्याच्या इमारती उभ्या कराव्यात.

हॉटेल १८७१ मध्ये सुरू झालं. वेळ अचूक साधली होती. सुएझ कालवा नुकताच, १८६९ च्या नोव्हेंबरमध्ये, खुला झाला होता आणि युरोपातून मुंबईला येणारी वाट कितीतरी आखूड झाली होती. एकशेतीस खोल्या, खाली लॉबी, उपाहारगृह आणि बार, मधोमध काचेच्या छताचा मोठा चौक, आणि बाहेरच्या अंगाला प्रत्येक मजल्यावर लांबच लांब गॅलऱ्या. जेवण वाढायला इंग्लंडहून मुली आणल्या होत्या. त्यावरून लोक थट्टा करत, की वॉटसनने तिकडची हवाही आणली असती तर बरं झालं असतं. प्रवेश फक्त गोऱ्यांना. जमशेटजी टाटांना इथून परत पाठवलं आणि त्या रागातून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, ही गोष्ट मुंबईत प्रत्येकाने ऐकलेली असते. तिला भक्कम पुरावा नाही. तरी ती इतकी टिकली, कारण प्रवेशाचा नियम खरा होता आणि अपमान रोजचा होता.

त्या रोजच्या अपमानाचा एक साक्षीदार मात्र पक्का आहे. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन या हॉटेलात उतरला. गॅलरीवर येऊन बसणाऱ्या कावळ्यांबद्दल त्याने लिहिलेला मजकूर प्रसिद्ध आहे आणि गंमतीचाही आहे. पण त्याच प्रवासवर्णनात दुसरी एक नोंद आहे. खोली दाखवायला आलेल्या धिप्पाड जर्मन माणसाने, गॅलरीच्या दाराचं काम करत असलेल्या नोकराला काय चुकलं ते न सांगता आधी थोबाडीत मारली आणि मग चूक सांगितली. नोकराने मुकाट्याने ते सोसलं. ट्वेनला आपलं लहानपण आठवलं: अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांना काम सांगण्याची हीच रीत होती. हॉटेलच्या वैभवाबद्दल लिहिताना कावळे घेतले जातात आणि ही थोबाडीत गाळली जाते, हे मला खटकतं.

त्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधी मारियुस सेस्तिए याने इथे ‘सिनेमॅटोग्राफ’चे खेळ केले. तो मुळात ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर होता. पॅरिसमधला पहिला जाहीर खेळ १८९५ च्या २८ डिसेंबरचा, म्हणजे अवघ्या सहा महिन्यांत ते नवल मुंबईत पोचलं. तिकीट १ रुपया. सहा छोट्या फिती दाखवल्या. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रस्नान. त्यात एक फीत भिंत पाडण्याचीही होती. आठवडाभराने खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि शहरातला प्रेक्षक तिकडे लोटला. हे खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं.

१९०३ मध्ये ताज उघडलं आणि वॉटसनची सद्दी संपली. समुद्र समोर, विजेचे दिवे, आणि भारतीय पाहुण्यांना मज्जाव नाही. त्याच्यापुढे हे हॉटेल जुनाट दिसू लागलं. ते बंद पडण्याची गोष्ट काही फार रंजक नाही. धंदा उतरत गेला, मालक बदलले आणि शेवटी खोल्या एकेक करून भाड्याने गेल्या.

आता सांगाडा कामाला आला. भिंती वजन पेलत नसल्या की त्या कुठेही घालता येतात आणि कुठूनही काढता येतात. एका दालनाची दोन झाली, दोनाची चार. फळ्यांची आडभिंत, त्यात दार, दारावर पाटी. उंच छताखाली पोटमाळे पडले. गॅलऱ्या बंद करून त्यांच्याही खोल्या झाल्या. काचेच्या छताखाली जिथे एकेकाळी नाच चालत, त्या चौकात अडगळ आणि कचरा साठू लागला. दगडी भिंतींच्या इमारतीत इतकी मोडतोड कोणी करू धजलं नसतं, कारण भिंतीला हात लावला तर वरचा मजला खाली येईल ही भीती असते. या इमारतीचं मोठेपण ज्या गुणात होतं, त्याच गुणाने तिचे तुकडे करणं सोपं केलं.

भाडेकरू कोण? पहिले म्हणजे वकील. शेजारीच शहर दिवाणी व सत्र न्यायालय, हाकेच्या अंतरावर उच्च न्यायालय. कोर्टातून पायी पाच मिनिटांत पोचता येईल अशा चेंबरला वकिलाच्या लेखी किती मोल असतं, ते फोर्टात काम केलेल्या कोणालाही विचारा. वकील आले की मागोमाग टंकलेखक, झेरॉक्सवाले, छोटी कार्यालयं, खाली उपाहारगृह. काही कुटुंबंही राहत. २००५ च्या सुमारास इथे ५३ कुटुंबं आणि ९७ व्यावसायिक गाळे होते. म्हणजे इमारत ओस पडून मोडली नाही, गजबजलेली असतानाच खिळखिळी झाली.

याचं कारण भाडं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जागांची टंचाई झाली आणि घरमालक मनमानी करू लागले, म्हणून सरकारने भाड्यांवर बंधन घातलं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने हे बंधन पक्कं केलं. १ सप्टेंबर १९४० ला जागेचं जे भाडं असेल ते ‘प्रमाण भाडं’. जागा त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने गेली असेल तर तेव्हाचं भाडं प्रमाण. कायदा तात्पुरता होता. मुदती वाढत गेल्या आणि तो पन्नास वर्षं टिकला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याची ही तरतूद काळाशी विसंगत झाल्याचं म्हटलं. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली.

हिशोब करून पाहू. समजा एका चेंबरचं प्रमाण भाडं ५० रुपये आहे. २००० सालापासून दरवर्षी ४ टक्के वाढवलं, तर २० वर्षांनी ते साधारण ११० रुपये होतं. एवढ्यात गॅलरीचा एक लोखंडी कठडासुद्धा दुरुस्त होणार नाही. मालकाने स्वतःच्या खिशातून खर्च केला तर भाडं वाढणार नाही, आणि खर्च केला नाही तर भाडेकरू जागा सोडणार नाही. अशा वेळी व्यवहारी मालक काय करेल, हे सांगायला नको.

भाडेकरू तरी खर्च का करत नाही? इथे पागडी येते. भाडं नाममात्र असल्यामुळे खरी किंमत भाडेकरूच्या हक्काला येते. जागा सोडताना नवा भाडेकरू मोठी रक्कम देतो, त्यातला वाटा मालकाला जातो आणि बाकी जुन्या भाडेकरूला मिळते. वर्षानुवर्षं हा व्यवहार हातोहात चाले, १९९९ च्या कायद्याने त्याला मान्यता दिली. त्यामुळे भाडेकरू आपल्या खोलीवर खर्च करतो: फरशी, फॉल्स सीलिंग, एसी. तो खर्च पागडीत वसूल होतो. पण जिना, गच्ची, सांडपाण्याचे नळ, बाहेरच्या गॅलऱ्या आणि सांगाडा यांवर टाकलेला पैसा कोणालाच परत मिळत नाही. दीडशे गाळ्यांना दीडशे धनी होते, सांगाड्याला एकही नव्हता. मालक लोभी किंवा भाडेकरू आडमुठे म्हणून हे घडलं असं मला वाटत नाही. भली माणसं असती तरी गणित हेच राहिलं असतं.

सरकारला हे दिसत नव्हतं असंही नाही. १९६९ च्या कायद्याने बेट मुंबईतल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला आणि त्यातून दुरुस्ती करायला मंडळ नेमलं. ते पुढे म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात, आलं. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी म्हाडा जाहीर करतं. पण उपकराच्या पैशाला दर चौरस मीटरची मर्यादा असते, आणि ती चाळीची तुळई बदलण्याच्या मापाची. दीडशे वर्षं जुना बिडाचा खांब सांभाळण्याचा खर्च त्यात बसत नाही.

तोवर समुद्राची हवा आपलं काम करत होती. खाऱ्या दमट हवेत लोखंड लवकर गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे विटांत पुरलेलं लोखंड गंजलं की फुगून विटा फोडतं. फटीतून पाणी शिरतं आणि गंज वाढतो. गळके नळ, गॅलरीत काढलेल्या मोऱ्या, तुंबलेली गच्ची यांनी भर घातली. वर पोटमाळे, पाण्याच्या टाक्या आणि वकिलांच्या फायली यांचं वजन. कागद किती जड असतो हे रद्दीवाल्याला चांगलं ठाऊक असतं. तुळई वाकली तर दिसते. बिडाचा खांब मात्र आतून किती थकलाय ते बाहेरून कळत नाही.

२००५ च्या जूनमध्ये, वास्तुविशारद रेन्झो पियानो यांच्या पुढाकारामुळे, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने जगातल्या १०० धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव घेतलं. काही दिवसांतच, १ जुलैला, दर्शनी भागाचा एक तुकडा रस्त्यावर कोसळला. एकाचा जीव गेला आणि खाली उभ्या गाड्या ढिगाऱ्यात गाडल्या गेल्या. टेकू लागले, नोटिसा निघाल्या, कोर्टात अर्ज झाले. इमारत रिकामी व्हायला २०१९ उजाडलं.

नंतरचा वाद जास्त शिकवणारा आहे. म्हाडाने आयआयटी मुंबईकडून तपासणी करून घेतली. अहवालाचं म्हणणं, इमारत दुरुस्तीपलीकडे गेली आहे, पाडा. संवर्धन क्षेत्रातल्या तज्ज्ञांचं म्हणणं, खर्चीक आहे पण सांगाडा वाचवता येतो. दोघं एकाच लोखंडाकडे पाहत होते. फरक प्रश्नात होता. ‘ही इमारत आज सुरक्षित आहे का’ असं विचारलं तर उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं येतं. ‘ती सुरक्षित करता येईल का’ असं विचारलं तर उत्तर ‘किती खर्च करणार’ यावर अवलंबून राहतं. माझा कल दुसऱ्या प्रश्नाकडे आहे, पण खाली उभ्या असलेल्या माणसाला पहिलाच महत्त्वाचा वाटणार, हे मान्य.

वारसा कायदा इथे काय करतो? मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. इमारतींना श्रेणी मिळते आणि ही इमारत श्रेणी २-अ मध्ये येते. म्हणजे वारसा समितीला विचारल्याशिवाय पाडता येत नाही, बाहेरचं रूप बदलता येत नाही. पण ही नियमावली पाडायला मनाई करते, सांभाळायला पैसे देत नाही. भाडे कायद्याने उत्पन्न थांबवलेलं, वारसा नियमाने पुनर्विकास थांबवलेला. अशा कोंडीत इमारत पाडावी लागत नाही, ती आपली आपणच पडायला लागते.

आता शेजाऱ्यांकडे पाहा. जुनं सचिवालय १८७४ चं. राज्याचा कारभार १९५५ मध्ये आजच्या मंत्रालयाच्या जागी गेला आणि जुन्या वास्तूत शहर दिवाणी व सत्र न्यायालय आलं. रीगल सिनेमाजवळचं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम १८७६ मध्ये खलाशांसाठी बांधलं. पुढे ते कायदेमंडळासाठी घेतलं, नव्या विधान भवनापर्यंत आमदार तिथेच बसत, आणि १९८२ पासून तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. खलाशी, आमदार, पोलीस! वापर इतका बदलूनही वास्तू उभी आहे, कारण प्रत्येक वेळी सगळी इमारत एकाच धन्याच्या ताब्यात गेली आणि डागडुजीचं बिल कोणाच्या टेबलावर जायचं हे ठरलेलं होतं. वॉटसनच्या इमारतीचा वापर एकदाच मोठा बदलला, पण तो बदलताना ती दीडशे हातांत वाटली गेली.

दुरुस्ती झालीच तर भाडेकरूंचे हक्क संपत नाहीत. दीडशे चेंबर परत द्यायचे की इमारत पुन्हा एका हातात आणून भाडेकरूंना दुसरीकडे जागा किंवा मोबदला द्यायचा, हे आधी ठरवावं लागेल, कारण सांगाड्यावर किती वजन येणार ते त्यावर ठरतं. मग नंतर घातलेल्या आडभिंती, पोटमाळे आणि टाक्या उतरवायच्या. विटा काढून खांब आणि तुळयांचे सांधे एकेक करून उघडे करायचे, गंज किती खोल गेला ते मोजायचं, आणि जो भाग गेला असेल तेवढाच नवा बसवायचा. सुटे भाग जोडून उभारलेल्या सांगाड्यात ते करता येतं. दगडी भिंतीत ही सोय नसते.